फिलिप मेडोज टेलर

कर्नल फिलिप मेडोज टेलर (जन्म: २५ सप्टेंबर, इ.स. १८०८, लिव्हरपूल, इंग्लंड. मृत्यू: १३ मे, इ.स. १८७६, मांतों, फ्रान्स) हे निजामाच्या सेवेतील लष्करी व मुलकी अधिकारी, प्रशासक आणि इंग्रजी कादंबरीकार होते. ठगांच्या जीवनावरील ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (इ.स. १८३९) या कादंबरीमुळे ते प्रसिद्धीस आले. आजच्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याशी त्यांचा दोन वेळा निकटचा संबंध आला. तारुण्यात ते तुळजापूर परिसरात पोलीस अधिकारी होते, तर इ.स. १८५३ ते १८५७ या काळात नळदुर्ग जिल्ह्याचे प्रमुख प्रशासक होते. अपुऱ्या सशस्त्र बळावर मोठा मुलूख शांत ठेवणारा अधिकारी असा त्यांचा लौकिक होता. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्यांनी लिहिलेली ‘तारा’ (इ.स. १८६३) ही कादंबरी मराठवाड्याच्या इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे.

जन्म व बालपण

टेलर यांचा जन्म लिव्हरपूल येथील एका व्यापारी कुटुंबात झाला. वडिलांचे नावही फिलिप मेडोज टेलर असेच होते. आई नॉर्थम्बरलँडमधील मिटफर्ड या जुन्या घराण्यातील होती. वडिलांच्या व्यापाराला उतरती कळा लागल्याने टेलर यांचे शालेय शिक्षण लवकर संपले आणि लहान वयातच त्यांना एका व्यापारी पेढीत उमेदवारी करावी लागली. मुंबईतील बॅक्स्टर नावाच्या व्यापाऱ्याने त्यांना आपल्याकडे पाठवण्याची सूचना केली व पुढे भागीदारी देण्याचे आश्वासन दिले. त्यानुसार वयाच्या पंधराव्या वर्षी, इ.स. १८२४ मध्ये, ते जहाजाने मुंबईस निघाले.

मुंबईत पोहोचल्यावर बॅक्स्टर यांचा व्यवसाय आर्थिक अडचणीत असल्याचे त्यांना आढळले. मुंबई सरकारचे मुख्य सचिव न्यूनहॅम हे त्यांचे नातलग होते. त्यांच्या खटपटीने टेलर यांना निजामाच्या फौजेत अधिकारपद मिळाले. नोव्हेंबर १८२४ मध्ये ते या सेवेत दाखल झाले आणि मुंबईहून औरंगाबादला गेले. ही नेमणूक ईस्ट इंडिया कंपनीच्या नियमित सेवेतील नव्हती. त्यामुळे कंपनीच्या मुलकी अधिकाऱ्यांना मिळणारी बढती, वेतन व निवृत्तिवेतन यांवर टेलर यांना हक्क सांगता येत नव्हता. ही उणीव त्यांना सेवाकाळात वेळोवेळी जाणवली.

भाषांचा अभ्यास

औरंगाबाद येथे असतानाच टेलर यांनी हिंदुस्थानी भाषा शिकण्यास आरंभ केला. पुढे त्यांनी मराठी व फारसी या भाषाही आत्मसात केल्या. विद्यापीठीय शिक्षण मिळाले नसतानाही त्यांनी जमीन मोजणी, स्थापत्य, कायदा, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि पुरातत्त्व या विषयांचा स्वतः अभ्यास केला. चित्रकलेतही त्यांना गती होती. तक्रारदाराशी त्याच्याच भाषेत बोलता येणे हा त्यांच्या पुढील कारकिर्दीचा आधार ठरला.

तुळजापूर येथील पोलीस सेवा

हैदराबादचे रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ यांच्या काळात (इ.स. १८२० ते १८२५) निजामाच्या राज्यातील जिल्ह्यांवर देखरेख करण्यासाठी इंग्रज अधिकारी नेमण्याची पद्धत सुरू झाली होती. या व्यवस्थेत टेलर यांना राज्याच्या नैर्ऋत्य भागासाठी सहायक पोलीस अधीक्षक करण्यात आले. तेव्हा त्यांचे वय वीस वर्षांचेही नव्हते. प्रारंभी ते सदाशिवपेठ भागात होते. नंतर तुळजापूर येथे त्यांचा मुक्काम झाला.

बालाघाटाच्या कड्यालगत वसलेले तुळजापूर हे भवानी देवीचे तीर्थक्षेत्र असल्याने तेथे वर्षभर यात्रेकरूंची वर्दळ असे. सोलापूर इ.स. १८१८ नंतर कंपनीच्या अमलाखाली आले होते. तुळजापूर व नळदुर्ग मात्र निजामाच्या राज्यात होते. दोन राज्यांच्या हद्दी जवळजवळ असल्याने एका हद्दीत गुन्हा करून दुसऱ्या हद्दीत आसरा घेणे दरोडेखोरांना सोपे जाई. देशमुख, जहागीरदार व सावकार यांच्या पदरी स्वतःची हत्यारबंद माणसे असत. सरकारी शिबंदी विखुरलेली होती आणि तिला शिस्तीचे शिक्षण नव्हते. अशा मुलखात गुन्ह्यांचा तपास, दरोडेखोरांचा पाठलाग आणि तक्रारींचा निवाडा ही कामे तरुण टेलर यांच्याकडे होती. गावोगावी फिरून पाटील, कुलकर्णी, व्यापारी व यात्रेकरू यांच्याशी बोलण्याची सवय त्यांना याच काळात लागली.

याच सुमारास रस्त्यांलगत अनोळखी प्रवाशांची प्रेते सापडत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. या खुनांमागे एखादी संघटित टोळी असावी असा संशय येऊन त्यांनी तपास सुरू केला. परंतु इ.स. १८२९ मध्ये निजाम नासिरुद्दौला गादीवर आले आणि त्यांच्या मागणीवरून इंग्रज अधिकाऱ्यांची जिल्ह्यांवरील देखरेख बंद करण्यात आली. टेलर यांना तपास अर्धवट सोडून फौजेत परतावे लागले. त्यानंतर लवकरच विल्यम स्लीमन यांनी मध्य भारतात ठगांविरुद्ध मोहीम उघडली आणि या कामाचे श्रेय त्यांना मिळाले. ठगांचा शोध आपल्या हातून निसटल्याची खंत टेलर यांनी आत्मचरित्रात नमूद केली आहे.

शस्त्रकवायत व तत्कालीन शस्त्रे

फौजेत परतल्यावर टेलर निजामाच्या पायदळाच्या सहाव्या पलटणीत अॅड्जुटंट झाले. शिपायांची कवायत व शस्त्रशिक्षण यांवर देखरेख करणे हे या पदाचे मुख्य काम असे.

त्या काळी नियमित पायदळाकडे गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी चापाची बंदूक होती, तर जहागीरदारांच्या शिबंदीकडे व गावच्या रखवालदारांकडे बहुधा तोड्याची बंदूक असे. दारू व शिसे महाग असल्याने नव्या शिपायास प्रथम दारूगोळ्याविना शिकवले जाई. बंदूक उचलणे, काडतूस फोडल्याची व गज ठासल्याची क्रिया करणे, नेम धरणे आणि चाप ओढणे या हालचाली हुकुमाबरोबर पुन्हापुन्हा करून घेतल्या जात. चाप ओढताना पोलादी झडपेची झीज होऊ नये म्हणून गारगोटीच्या जागी लाकडाचा तुकडा बसवण्याची रीत युरोपीय पलटणींत होती. आजच्या पोलीस प्रशिक्षणात ज्याला ‘ड्राय फायर’ किंवा ‘ड्राय प्रॅक्टिस’ म्हणतात, त्या बिनकाडतुसी सरावाचे हे जुने रूप होय. चाप दाबताना हात हलू न देणे, शस्त्र रिकामे असल्याची खात्री करूनच सराव करणे आणि हुकुमाशिवाय चापाला बोट न लावणे, ही या सरावाची तत्त्वे तेव्हापासून फारशी बदललेली नाहीत.

इ.स. १८५३ मध्ये इंग्लंडमधील हाइथ येथे नेमबाजीचे लष्करी विद्यालय सुरू झाले. प्रत्यक्ष गोळीबारापूर्वी पवित्रा व नेम यांचा कोरडा सराव तेथील शिक्षणक्रमात महत्त्वाचा होता. हीच पद्धत एन्फील्ड रायफलीबरोबर भारतात आली. दमदम, अंबाला व सियालकोट येथील प्रशिक्षण केंद्रांत या रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून निर्माण झालेला असंतोष इ.स. १८५७ च्या उठावाचे एक निमित्त ठरला.

विवाह आणि ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’

इ.स. १८३० च्या दशकाच्या आरंभी टेलर यांचा विवाह मेरी पामर यांच्याशी झाला. मेरी या हैदराबादमधील प्रसिद्ध पेढीवाले विल्यम पामर यांच्या कन्या होत. विल्यम पामर यांची आई फैज बख्श बेगम या भारतीय होत्या. त्यामुळे हैदराबादच्या दरबारी व व्यापारी वर्तुळाशी टेलर यांचे नाते अधिक दृढ झाले.

याच दशकात हैदराबाद राज्यात पकडलेल्या ठगांच्या जबान्या नोंदवण्याच्या कामात त्यांचा सहभाग होता. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांकडून त्यांना टोळ्यांची रचना, सांकेतिक बोली, शकुन-अपशकुन आणि रुमालाने गळा आवळण्याची रीत यांची तपशीलवार माहिती मिळाली. प्रकृती बिघडल्याने ते रजेवर इंग्लंडला गेले. तेथे इ.स. १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध झाली. अमीर अली नावाचा ठग एका इंग्रज अधिकाऱ्याला आपली जीवनकथा सांगतो, अशी तिची रचना आहे. ही कादंबरी त्या काळी अतिशय गाजली. महाराणी व्हिक्टोरिया यांनीही तिच्यात रस घेतला होता. पुढील वर्षी ‘टिपू सुलतान’ ही त्यांची दुसरी कादंबरी प्रकाशित झाली. इ.स. १८४० मध्ये भारतात परतल्यावर अनेक वर्षे त्यांनी लंडनच्या ‘द टाइम्स’ या वृत्तपत्रासाठी वार्तापत्रे लिहिली.

शोरापूर संस्थान

शोरापूर (आजचे सुरपूर, यादगीर जिल्हा, कर्नाटक) हे निजामाचे मांडलिक असलेले बेडर नायकांचे संस्थान होते. तेथे वारसा व राज्यकारभार यांवरून तंटा निर्माण झाल्याने इ.स. १८४१ मध्ये टेलर यांना तिकडे पाठवण्यात आले. लढवय्या बेडरांचा मोठा जमाव हत्यारबंद असताना त्यांनी वाटाघाटींनी तंटा मिटवला. अल्पवयीन राजा वेंकटप्पा नायक यांच्या नावाने इ.स. १८५३ पर्यंत त्यांनी संस्थानचा कारभार पाहिला. राजा त्यांना ‘अप्पा’ म्हणत असे. टेलर यांच्या पत्नीचे निधन याच काळात झाले. शोरापूर परिसरातील प्राचीन शिळाथडग्यांचे त्यांनी उत्खनन केले व त्यांवर शोधनिबंध लिहिले. दक्षिणेतील महापाषाणकालीन संस्कृतीच्या अभ्यासात या निबंधांना आरंभीचे स्थान आहे. त्यांनी बांधलेले निवासस्थान ‘टेलर मंझिल’ या नावाने सुरपूर येथे ओळखले जाते.

नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार

हैदराबादच्या तैनाती फौजेच्या खर्चाची थकबाकी वाढल्याने २१ मे १८५३ रोजी निजाम व कंपनी यांच्यात तह झाला. त्यानुसार वऱ्हाड, रायचूर दोआब आणि पश्चिम सरहद्दीवरील धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या व्यवस्थापनाखाली गेला. या मुलखाचे डेप्युटी कमिशनर म्हणून टेलर यांची नेमणूक झाली. सुमारे चोवीस वर्षांनी ते आपल्या जुन्या कार्यक्षेत्रात परतले.

जिल्ह्याचे मुख्य ठिकाण नळदुर्ग होते. बोरी नदीच्या वळणावर उभा असलेला येथील भुईकोट, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला बंधारा व त्यातील पाणीमहाल यांमुळे हे स्थळ प्रसिद्ध आहे. डेप्युटी कमिशनरच्या हाती महसूल, न्याय व पोलीस असे तिन्ही अधिकार एकवटलेले होते. टेलर यांनी या तिन्ही खात्यांची नव्याने घडी बसवली.

निजामी अमलात महसूल बहुधा मक्त्याने दिला जाई. मक्तेदार अधिकाधिक वसुली करण्याचा प्रयत्न करीत आणि रयत गाव सोडून जाई. कोणाच्या ताब्यात किती जमीन आहे याची खात्रीलायक नोंद नसल्याने हद्दीचे व वतनाचे तंटे चालत आणि त्यांतून मारामाऱ्या व जाळपोळीचे प्रकार घडत. टेलर यांनी जमिनीची मोजणी हाती घेतली. मोजणीचे शास्त्र ते स्वतः शिकलेले असल्याने या कामावर त्यांची थेट देखरेख होती. त्याबरोबरच रस्ते व तलाव यांची कामेही त्यांनी सुरू केली.

पोलीस व्यवस्थेचा प्रश्न याच्याशी जोडलेला होता. निजामाच्या राज्यात रोहिले व अरब यांच्या हत्यारबंद टोळ्या सावकारांच्या वतीने वसुली करीत व प्रसंगी लूटमारही करीत. तुळजापूरच्या पूर्वानुभवामुळे गुन्हेगारांचे मार्ग, यात्रांचे दिवस आणि गावकामगारांची कामाची रीत टेलर यांना माहीत होती. नियमित पलटणीचा वापर न करता थोड्या पोलिसांवर आणि लोकांच्या सहकार्यावर जिल्ह्याचा बंदोबस्त ठेवण्याकडे त्यांचा कल होता. न्यायदानातील तत्परता व महसुलातील निश्चितता यांमुळे बळाचा वापर कमी करावा लागतो, हे सूत्र त्यांच्या कारभारातून दिसते.

इ.स. १८५७ चा उठाव

उत्तर भारतात उठाव सुरू झाल्यानंतर इ.स. १८५७ मध्ये टेलर यांची वऱ्हाडातील बुलढाणा येथे बदली झाली. त्यांना देण्यास रेसिडेंट डेव्हिडसन यांच्याकडे फौज शिल्लक नव्हती. जमेल त्या मार्गाने जिल्हा सांभाळावा, एवढीच सूचना त्यांना मिळाली. लगतच्या प्रदेशात अशांतता असतानाही त्यांनी तो जिल्हा शांत ठेवला. जनरल व्हिटलॉक यांच्या फौजेसाठी वाहतुकीची जनावरे मिळवून देण्याचे कामही त्यांनी केले.

इ.स. १८५८ च्या आरंभी शोरापूरचा राजा वेंकटप्पा नायक उठावात सामील झाला. त्याचा पराभव झाल्यावर त्याला हैदराबादेत कैद करण्यात आले. टेलर यांनी तुरुंगात त्याची भेट घेतली. राजाची मृत्युदंडाची शिक्षा सौम्य करण्यात आली आणि अखेरीस चार वर्षांची कैद ठरली. मात्र कैदेच्या ठिकाणी नेले जात असताना मुक्कामावर राजाचा गोळी लागून मृत्यू झाला. टेलर यांच्या आत्मचरित्रातील हकिकतीनुसार, सोबतच्या अधिकाऱ्याने काढून ठेवलेले भरलेले रिव्हॉल्व्हर राजाच्या हाती लागले होते. ज्या मुलाचा सांभाळ बारा वर्षे केला त्याचा असा शेवट झाल्याचे दुःख टेलर यांच्या लेखनात ठळकपणे व्यक्त झाले आहे. संस्थान खालसा झाल्यावर तेथील व्यवस्था लावण्याचे कामही त्यांच्याकडेच आले. इ.स. १८६० च्या तहाने धाराशिव-नळदुर्ग व रायचूर दोआब निजामाला परत मिळाले आणि शोरापूरही निजामाकडे गेले. त्याच वर्षी प्रकृती ढासळल्याने टेलर मायदेशी परतले.

‘तारा’ आणि उत्तरायुष्यातील लेखन

निवृत्तीनंतर टेलर आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ राहिले. तेथे त्यांनी शंभर वर्षांच्या अंतराने घडलेल्या तीन काळांवर कादंबऱ्या लिहिल्या. ‘तारा’ मराठ्यांच्या उदयावर (इ.स. १६५७), ‘राल्फ डार्नेल’ प्लासीच्या लढाईवर (इ.स. १७५७) आणि ‘सीता’ उठावावर (इ.स. १८५७) आधारलेली आहे.

‘तारा’ची नायिका तुळजापूरच्या भवानी मंदिरातील व्यासशास्त्री यांची बालविधवा कन्या आहे. मंदिराचा परिसर, डोंगरातील वाटा, पुजाऱ्यांचे घरगुती जीवन आणि अफझलखानाची स्वारी यांचे वर्णन तिच्यात आहे. टेलर यांच्या पोलीस सेवेतील प्रत्यक्ष अनुभवाचा त्यात मोठा वाटा आहे. अफझलखानाची स्वारी व प्रतापगडची भेट या घटना इ.स. १६५९ मधील आहेत. शंभर वर्षांचा क्रम साधण्यासाठी कादंबरीत त्या दोन वर्षे आधी दाखवल्या आहेत. त्यामुळे ‘तारा’ ही इतिहासाचे साधन म्हणून न वाचता एकोणिसाव्या शतकातील तुळजापूरचे एका परकीयाने केलेले चित्रण म्हणून वाचणे योग्य ठरते.

अखेरचे दिवस

इ.स. १८६९ मध्ये टेलर यांना ‘कंपॅनियन ऑफ द स्टार ऑफ इंडिया’ हा किताब मिळाला. वृद्धापकाळी त्यांची दृष्टी अधू झाली. सर सालारजंग यांच्या निमंत्रणावरून ते इ.स. १८७५ मध्ये पुन्हा हैदराबादेत आले. तेथे त्यांना ताप आला व प्रकृती खालावली. मायदेशी परतत असताना फ्रान्समधील मांतों येथे १३ मे १८७६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ कन्या अॅलिस यांनी संपादित केले. इ.स. १८७७ मध्ये ते हेन्री रीव्ह यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन

टेलर हे वसाहतकालीन सत्तेचे अधिकारी होते आणि त्यांच्या लेखनावर त्या सत्तेच्या दृष्टिकोनाची छाप आहे. ठगीसंबंधी त्यांनी व स्लीमन यांनी उभे केलेले चित्र कितपत वस्तुनिष्ठ आहे, याविषयी विसाव्या शतकातील इतिहासकारांनी प्रश्न उपस्थित केले आहेत. या चित्राचा आधार असलेल्या जबान्या माफीच्या साक्षीदारांच्या होत्या आणि त्यांतील अतिशयोक्ती तपासण्याचे साधन नव्हते, असा एक आक्षेप आहे. भवानीची उपासना व खून यांचा संबंध जोडल्याने पाश्चात्त्य वाचकांत देवीभक्तीविषयी गैरसमज पसरला, हा दुसरा आक्षेप आहे. ‘तारा’मध्ये मात्र हीच देवी एका गावाची कुलमाता व आधार म्हणून येते. या दोन कादंबऱ्यांतील अंतर टेलर यांच्या बदललेल्या जाणिवेचे द्योतक मानता येते.

प्रशासक म्हणून त्यांच्या कामाचे मोल शोरापूर, नळदुर्ग व बुलढाणा या तीन ठिकाणच्या अनुभवांतून ठरते. या तिन्ही ठिकाणी सशस्त्र बळ अपुरे होते. भाषा, जमिनीची अचूक नोंद आणि वेळेवर मिळणारा न्याय यांवर त्यांनी अधिक भिस्त ठेवली. धाराशिव जिल्ह्याच्या आधुनिक प्रशासनाचा प्रारंभकाळ समजून घेताना त्यांचे आत्मचरित्र आजही उपयुक्त ठरते.

ग्रंथसंपदा

कन्फेशन्स ऑफ अ ठग (१८३९)
टिपू सुलतान (१८४०)
तारा (१८६३)
राल्फ डार्नेल (१८६५)
अ स्टुडंट्स मॅन्युअल ऑफ द हिस्टरी ऑफ इंडिया (१८७०)
सीता (१८७२)
द स्टोरी ऑफ माय लाइफ (१८७७, मरणोत्तर)
अ नोबल क्वीन (१८७८, मरणोत्तर, अहमदनगरच्या चांदबिबीवरील कादंबरी)